उरलेली बाटली

विदर्भातल्या माणसाला 'बोर्डो' हा शब्द आधी झाडाच्या बुंध्यावर भेटतो. पावसाळ्याच्या तोंडाशी काटोल-वरुडच्या वाटेने जाताना संत्र्यांच्या बागांत प्रत्येक झाड कमरेपर्यंत निळसर-पांढऱ्या रंगाने माखलेले दिसते. शाळेची मुले गणवेश घालून रांगेत उभी केल्यासारखी ती झाडे दिसतात. हे बोर्डोमलम. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी, असे त्याचे प्रमाण. डिंक्या रोग रोखण्यासाठी ते बुंध्याला लावतात. फवारायचे असेल तर त्याच मोरचूद-चुन्याला शंभर लिटर पाणी. दोन्ही जिन्नस वेगवेगळे भिजवायचे, लोखंडी भांडे वापरायचे नाही, आणि मिश्रण तयार झाले की त्यात विळ्याचे पाते बुडवून पाहायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजावे. शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची: केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवावे, उद्यावर ठेवू नये.

या मिश्रणाच्या नावामागे फ्रान्समधले एक शहर आहे, आणि त्या शहराच्या आसमंतात होणारी तांबडी वाइन जगभर त्याच नावाने विकली जाते, हे आम्हांला पुष्कळ उशिरा उमगले. १८८० च्या दशकात तिथल्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडण्याची पद्धत होती. हेतू शुद्ध व्यावहारिक: पाने निळी-पांढरी, विषारी दिसावीत आणि वाटसरूंनी घड चोरू नयेत. मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आले की, रस्त्याकडेच्या या वेलींवर केवड्याचा रोग पडलेला नाही, आतल्या वेली मात्र पानगळीने उघड्या झाल्या आहेत. १८८५ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या कामात त्याला साथ होती युलिस गायाँ या रसायनशास्त्रज्ञाची. हा गायाँ पाश्चरचा शिष्य. त्याच्या नातवाकडे, झाँ रिबेरो-गायाँ याच्याकडे, आपल्याला पुढे यायचे आहे. चोर हाकलण्यासाठी शिंपडलेले तांबे तीन पिढ्यांनी बाटलीच्या तळाशी कसे सापडते, याची ती हकीकत आहे.

आता वाइनविषयी. बोर्डो म्हटले की मराठी वाचकाच्या मनात, त्याने इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या असतील तर, तळघरे, उमराव आणि लिलाव उभे राहतात. याचे कारण १८५५ ची ती प्रसिद्ध प्रतवारी. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या काळी दलालांनी मेदोकच्या मळ्यांचे पाच वर्ग पाडले, आणि पाडताना निकष कोणता लावला, तर बाजारभाव. साठेक नावांची ही यादी आजही जवळपास तशीच आहे. १९७३ साली एका मळ्याला दुसऱ्या वर्गातून पहिल्यात बढती मिळाली, एवढा एकच ठळक फेरफार. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल. आपल्याकडेही वाङ्मयेतिहासाच्या याद्या एकदा ठरल्या की पिढ्यान्पिढ्या पाठ्यपुस्तकांत तशाच उतरतात आणि उरलेले सारे 'इतर कवी' या एका परिच्छेदात कोंबले जातात.

आम्ही प्यायलो ते हे 'इतर कवी'. बोर्डोची द्राक्षशेती २०२० च्या आगेमागे एक लाख हेक्टरांहून थोडी अधिक होती आणि तिच्यातला फार मोठा वाटा साध्या 'बोर्डो' किंवा 'बोर्डो सुपेरिअर' या नावांनी विकला जातो. त्यात मेर्लो या द्राक्षाचे प्राबल्य असते. ते लवकर पिकते, चिकणमातीत सुखाने वाढते आणि त्याची वाइन तरुणपणीच पिण्याजोगी होते. मेदोकच्या गोट्यागोट्यांच्या जमिनीत काबर्ने सोव्हिन्याँ अधिक. ते उशिरा पिकते, सालीने जाड असते, आणि त्याचा तुरटपणा निवायला वर्षे लागतात. या दोहोंचे मिश्रण हाच बोर्डोचा स्वभाव. एकट्या द्राक्षाचे नाव बाटलीवर बहुधा नसते, असते ते गावाचे. ही कल्पना युरोपीय आहे असे आम्ही समजत होतो. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसापासून केलेल्या मद्याला 'मधु' म्हटले आहे आणि त्याची ओळख त्याच्या देशावरूनच सांगितली आहे: कापिशायन आणि हारहूरक. म्हणजे कापिशीचे ते कापिशायन. मैरेय, आसव, अरिष्ट यांची ओळख तिथे घटकद्रव्यांवरून आहे; द्राक्षाच्या मद्याची तेवढी मुलखावरून. संस्कृतच्या अध्यापकांनी या ओळीकडे एकदा पुन्हा पाहावे, अशी आमची विनंती आहे.

'परवडणारी' हा शब्द जपूनच वापरावा लागतो. वर्षानुवर्षे भारतात आयात वाइनवर १५० टक्के मूळ सीमाशुल्क होते. त्यावर राज्याचे कर, वितरकाचा वाटा, दुकानदाराचा वाटा. नागपूरच्या दुकानात साधी बोर्डो आम्हांला दोन-अडीच हजारांना मिळाली. आता तिकडचे गणित पाहू. बोर्डोत ठोक वाइनचा भाव 'तोनो' या मापाने सांगतात. एक तोनो म्हणजे ९०० लिटर, म्हणजे बाराशे बाटल्या. अलीकडच्या मंदीत साध्या तांबड्या बोर्डोचा भाव तोनोला हजार युरोंच्याही खाली गेला. भागाकार केला तर बाटलीभर वाइनचे शेतकऱ्याच्या हाती पडतात ऐंशी-पंच्याऐंशी सेंट. आपल्या शंभर रुपयांच्याही आतच. उत्पादनखर्च निघत नाही म्हणून २०२३ साली फ्रेंच सरकारने बोर्डोतल्या साडेनऊ हजार हेक्टर वेली उपटून टाकण्यासाठी हेक्टरी सहा हजार युरो देण्याची योजना आणली. संत्र्याला भाव नाही म्हणून ट्रॅक्टर लावून उभी बाग उपटणारा शेतकरी आम्ही पाहिला आहे. त्यामुळे ही बातमी वाचताना आम्हांला नकाशाची गरज पडली नाही. लिलावांत लाखांनी विकली जाणारी बोर्डो आणि उपटली जाणारी बोर्डो एकाच नावाच्या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीविषयी फारसे कुणी लिहीत नाही.

हे सारे आम्ही भद्रावतीत बसून का करीत होतो, हा प्रश्न रास्त आहे. भद्रावती म्हणजे विजासनच्या लेण्यांचे, भद्रनागाच्या आणि पार्श्वनाथाच्या मंदिरांचे, आयुध निर्माणीचे आणि कोळशाच्या खाणींचे गाव. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ ला लागू झाली आणि २०२१ साली उठली. मधल्या सहा वर्षांत गावात बाटली बाळगणे हा गुन्हा होता, आणि आमचा तो करण्याचा विचार नव्हता. आम्ही चौघेजण: दोघे मराठी शिकविणारे, एक रसायनशास्त्राचे, आणि एक बाई, ज्या शाळेतून निवृत्त झालेल्या. महिन्या-दीड महिन्याने पुस्तकांच्या, सभांच्या निमित्ताने सव्वाशे किलोमीटरवरच्या नागपुरास जाणे होई. तिथे एका स्नेह्यांच्या घरी, परवाना वगैरे सोपस्कार सांभाळून, एक बाटली उघडली जाई. चौघांपैकी पिणारे तिघे, यजमान धरून चार. प्रत्येकी एक पेला, क्वचित कुणाला अर्धा अधिक. बाटली उरे. ती सोबत आणता येत नसे, कारण वरोऱ्याच्या अलीकडे जिल्ह्याची हद्द. ती तिथेच, स्नेह्यांच्या फ्रिजमध्ये, पुढच्या खेपेची वाट पाहत राही. उघडलेली वाइन किती टिकते हा प्रश्न आमच्यापुढे असा कायद्याने आणून ठेवला.

मराठी साहित्यात या प्रश्नाला जागाच नाही, हे आमच्या तेव्हा ध्यानात आले. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त बाटल्या पुष्कळ आहेत, पण उरलेली बाटली नाही. १९१९ साली, गडकरी सावनेरला वारल्यानंतर महिन्याभरात, हे नाटक रंगभूमीवर आले आणि त्याने मराठी मनात दारूविषयीचे जे गणित पक्के केले त्यात दोनच संख्या आहेत: शून्य आणि अनंत. तळीरामाला बाटली उद्या कशी लागेल याची चिंता असण्याचे कारण नाही. दुसऱ्या टोकाला माधव ज्यूलियनांची 'द्राक्षकन्या'. खय्यामचा पेला तर क्षणभंगुरतेचाच; तिथे उद्याचा विचार करणे हाच रसभंग. फ्रेंच शेतकरी जेवताना एक पेला घेतो, बूच लावतो आणि दुसऱ्या दिवशी उरलेले घेतो, ही मधली, रोजची, काहीशी रुक्ष अवस्था आमच्या वाङ्मयाने पाहिलेली नाही. ती श्रेष्ठ आहे असा आमचा दावा नाही. तिला शब्द नाहीत, एवढेच म्हणणे.

२०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे एक वाक्य गाजले. आमच्या मते ते चूक होते. साध्या बोर्डोत तेरा-साडेतेरा टक्के अल्कोहोल असते, ती दारूच. शब्द बदलला की वस्तू बदलते असे मानण्याची हौस राजकारणाने साहित्याकडून घेतली की साहित्याने राजकारणाकडून, हा वेगळ्या लेखाचा विषय. असो.

आमच्या रसायनशास्त्राच्या मित्रांनी पहिल्याच खेपेस कागद पुढे ओढून हिशेब मांडला. ७५० मिलिलिटरची बाटली. अर्धी संपली की आत ३७५ मिलिलिटर हवा. हवेचा पाचवा हिस्सा प्राणवायू, म्हणजे सुमारे ऐंशी मिलिलिटर. बूच कितीही घट्ट लावा, हा प्राणवायू आतच आहे. तो वाइनमध्ये विरघळतो आणि तिच्यातल्या तुरट द्रव्यांशी, टॅनिनांशी, भिडतो. या क्रियेला गती देतात लोह आणि तांबे यांचे अत्यल्प अंश. इथे तो नातू येतो. झाँ रिबेरो-गायाँ याने १९३० च्या दशकात बोर्डो विद्यापीठात वाइनच्या ऑक्सिडीकरणावर जे पायाभूत काम केले, त्यात या दोन धातूंची भूमिका तपासली होती. आजोबांनी वेल वाचविण्यासाठी तांबे शिंपडले. त्यातले बहुतेक किण्वन होताना गाळाबरोबर निघून जाते, पण उरलेला कण वाइन शिळी करण्यास हातभार लावतो. या साखळीत शेवटी अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइड होते. त्याचा वास ठेचाळलेल्या, तपकिरी पडलेल्या सफरचंदासारखा. वाइन करणाऱ्याने घातलेला गंधकाचा अंश या द्रव्याला काही काळ बांधून ठेवतो. तो संपला की वास उघडा पडतो. शिरका होणे ही याच्या पुढची पायरी. ते जंतूंचे काम, त्यांना हवा लागते आणि ऊब लागते. पाश्चरने १८६० च्या दशकात वाइनवर आणि शिरक्यावर जी दोन पुस्तके लिहिली त्यांतून हे पहिल्यांदा स्पष्ट झाले.

ऊब हा भद्रावतीचा विशेष प्रांत. मे महिन्यात दुपारी पारा ४६ अंशांवर जातो आणि रात्री दहा वाजता स्वयंपाकघरात ३६-३७ असतो. तांबडी वाइन 'खोलीच्या तपमानाला' प्यावी असे पुस्तकांत लिहिलेले असते. ती खोली बिनहीटरच्या जुन्या फ्रेंच घरातली, सोळा ते अठरा अंशांची. बंदी उठल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही अर्धी बाटली बूच लावून मुद्दाम ओट्यावर ठेवली, दुसरी फ्रिजमध्ये. ओट्यावरची सकाळपर्यंत संपली होती, म्हणजे पिण्याच्या दृष्टीने. रंगात फरक नव्हता; पण नाकाशी नेताच सफरचंद, आणि मागोमाग नखांचा रंग काढण्याच्या द्रवासारखी एक झिणझिणी. फ्रिजमधली जवळपास जशीच्या तशी. प्यायच्या आधी बाटली पाऊण तास बाहेर काढून ठेवावी हा सल्ला जानेवारीत ठीक. मे महिन्यात दहा मिनिटे पुरतात.

फ्रिजमध्ये न जाणाऱ्या, अजून न उघडलेल्या बाटलीसाठी गावाने स्वतःच उपाय दिला. भद्रावतीची माती भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५० च्या दशकात इथे ग्रामोदय संघ उभा केला आणि कुंभारकामाला एक वेगळी प्रतिष्ठा दिली. कोरड्या हवेत रांजणाच्या अंगातून पाणी झिरपते, उडून जाते आणि आतले पाणी गार करीत राहते. बाहेर पंचेचाळीस अंश असताना आमच्या रांजणातले पाणी पंचवीस-सव्वीसवर होते. बाटली त्यात अर्धा तास बुडवली की पिण्याजोगी होई. पाऊस सुरू झाला की मात्र हा उपाय बाद. हवा दमट झाली की रांजण नुसता ओला राहतो. रांजणात दारूची बाटली पाहून शेजारच्या आजीबाईंनी काय म्हटले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

नागपूरची आणि पुढे भद्रावतीची टिपणे आम्ही एका वहीत ठेवली. पेल्याखाली आकडा, वाइनचे नाव फक्त रसायनवाल्यांना ठाऊक, उरलेल्यांनी चाखून लिहायचे. साध्या मेर्लो-प्रधान बोर्डोचे वागणे बहुधा एकसारखे निघाले: पहिल्या रात्री मोकळी, जांभळासारखी, थोडी आंबट, दुसऱ्या रात्री सुवास अर्ध्यावर, पण जेवणाबरोबर चालून जाते, तिसऱ्या रात्री पाणचट आणि शेवटी सफरचंद. ब्लायकडची एक याहून थोडी चिवट. मेदोकची, काबर्ने अधिक असलेली, पहिल्या रात्री कुणालाच आवडली नाही. वहीत 'सुपारी चघळल्यासारखी' असे आहे. तीच दुसऱ्या रात्री त्या वर्षातली सर्वांत चांगली ठरली आणि चौथ्या रात्रीपर्यंत टिकली. तुरटपणा हेच तिचे संरक्षण. प्राणवायू आधी त्याच्याशी झुंजत बसतो. याउलट फ्रान्सहून कुणाच्या तरी भाच्याने आणलेली, जुनी, कागदात गुंडाळलेली एक बाटली उघडल्यावर पहिला तासभर विलक्षण होती, वाळलेले गुलाब आणि ओले तंबाखूचे पान. आणि वरण-भात होईपर्यंत तिच्यात काही उरले नाही. तुलनेसाठी ठेवलेली नाशिकची काबर्ने-शिराझ अधिक पिकलेली, गोडसर अंगाची. दुसऱ्या दिवशी तिच्यातले फळ मागे सरते आणि लाकूड पुढे येते. ती आम्हांला आमटीबरोबर बोर्डोपेक्षा बरी लागली, हेही नमूद करावे.

उपायांपैकी हवा ओढून घेणारे रबरी बुचाचे पंप आम्ही वापरून पाहिले. एखाद-दुसरा दिवस मिळतो, त्याहून अधिक नाही. निर्वात म्हणतात ते काही निर्वात नसते. खरा उपयोग झाला तो फुकटच्या युक्तीचा. बाटली उघडल्याबरोबर, पहिला पेला भरण्याआधी, अर्धी वाइन स्वच्छ धुतलेल्या ३७५ मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत काठोकाठ ओतायची, झाकण फिरवायचे आणि फ्रिजमध्ये ठेवायची. हवेला जागाच नाही. अशी ठेवलेली साधी बोर्डो आठ दिवसांनी आम्ही पुन्हा आकडे लावून चाखली, तेव्हा तिघांपैकी दोघांनी तिला 'आजच उघडलेली' म्हटले. रात्री उरलेली मागाहून भरणे आणि आधीच भरून ठेवणे यांत मोठा फरक पडतो. पेले फिरू लागल्यावर बाटलीने हवा घेतलेली असते. म्हणजे किती प्यायचे हे पिण्याआधी ठरवावे लागते. 'एकच प्याला' या शब्दांचा एवढा अरसिक अर्थ गडकऱ्यांना मान्य झाला नसता.

वही लिहिताना भाषेचा प्रश्न सतत आडवा येई. इंग्रजी पुस्तके बोर्डोचे वर्णन 'ब्लॅक करंट' या फळाने सुरू करतात. ते आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, पण आइस्क्रीमचा एक रंग म्हणून. आम्ही जांभूळ लिहिले, आणि ते पुरले. काबर्ने अर्धवट पिकलेले असेल तर ढोबळी मिरचीचा वास येतो. हे पुस्तकात वाचण्याआधी बाईंनी लिहून ठेवले होते. देवदाराचा म्हणून जो वास सांगतात तो अध्यापकाला शोधावा लागत नाही; परीक्षेच्या आधी वर्गात मुले पेन्सिली तासतात, तो वास तो. आणि तुरट. पाश्चात्त्य शरीरशास्त्र तुरटपणाला चव मानत नाही, स्पर्श मानते: लाळेतले प्रथिन टॅनिनाशी बांधले जाते आणि जीभ कोरडी, खरखरीत होते. आपल्या षड्रसांत मात्र कषाय हा स्वतंत्र रस आहे. आवळा, हिरडा, कच्चे केळे, अर्धकच्चे टेंभुर, सुपारी, काताचा विडा. प्रत्येकाचा तुरटपणा निराळा आणि आमची जीभ लहानपणापासून त्यांतला भेद ओळखते. तांबड्या बोर्डोविषयी बोलण्याची खरी तयारी मराठीत आहे, फक्त कुणी तिच्याकडे मागितली नाही. (जाता जाता: संस्कृतातला 'कटु' म्हणजे तिखट. मराठीत तोच शब्द 'कडू' झाला आणि तिक्ताच्या जागी जाऊन बसला. षड्रस शिकविताना दर वर्षी यावर पाच मिनिटे जातात.) अभिनवगुप्ताचा पानकरसाचा दृष्टान्त आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो: गूळ, मिरी वगैरे घटक निरनिराळे न लागता एकच आस्वाद होतो. उघडी बाटली याच्या उलट जाते. दिवस जातात तसे एक झालेले घटक पुन्हा सुटे होतात, आंबट वेगळे, लाकूड वेगळे, दारू वेगळी. रस होताना काय होते याचे विवेचन भरपूर आहे. रस मोडताना काय होते याचे कुणी केले असल्यास जाणकारांनी सांगावे.

बाईंविषयी लिहायला हवे. त्या पीत नाहीत. २०१० साली चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे दारूबंदीसाठी बायकांचा पायी मोर्चा गेला, त्यात त्या चालल्या होत्या. पुढे बंदी उठली तेव्हा त्यांनी आमच्याशी आठवडाभर बोलणे टाकले, जणू ती आम्हीच उठवली. तरीही बैठकीला येत, वही त्यांच्या हाती असे, आणि प्रत्येक पेल्याचा त्या फक्त वास घेत. त्यांचे नाक आमच्या तिघांच्या जिभांपेक्षा तीक्ष्ण होते. नागपूरला एकदा पंधरा दिवसांची उरलेली बाटली काढली, तेव्हा आम्ही अजून पेला फिरवीत होतो, त्यांनी तो नाकाशी नेला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हा आमच्या घरातला सकाळचा वास." वडील रात्री पिऊन येत, सकाळी दार उघडले की खोलीत हाच वास असे. मोहाची असो की देशी, वास हाच.

रसायनवाल्यांनी थोड्या वेळाने, शक्य तितक्या हळू आवाजात, ते बरोबर असल्याचे सांगितले. यकृत अल्कोहोल मोडते तेव्हा पहिली पायरी ॲसिटाल्डिहाइडचीच. पिणाऱ्याच्या श्वासात ते असते. बाटलीत चार दिवसांत जे घडते त्याची पहिली पायरी माणसाच्या शरीरात एका रात्रीत पार पडते. त्या संध्याकाळी वहीत त्या वाइनपुढे फक्त तारीख आहे.

यानंतर आमची चाखणी बंद पडली असे नाही. पण मोहाविषयी बोलणे तेव्हापासून सुरू झाले, आणि ते व्हायला हवे होते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली टोपल्या घेऊन वाकलेल्या बाया या जिल्ह्यात सर्वत्र दिसतात. वाळवलेली फुले वर्षभर टिकतात, ती खाल्ली जातात, विकली जातात, गुरांना घातली जातात, आणि त्यांची दारूही गाळली जाते. गाळलेली टिकते, नुसता आंबवलेला सडवा टिकत नाही. शिंदी आणि ताडी तर पहाटेची गोड आणि संध्याकाळची आंबट. म्हणजे टिकण्या-न टिकण्याचे हे ज्ञान इथल्या घराघरांत होते, आम्हांला ते दोन-अडीच हजारांच्या फ्रेंच बाटलीतून शिकावे लागले असे नव्हे. पण आमच्या वर्गाचे लोक मोहाच्या बाबतीत हा प्रश्न विचारीतच नाहीत. तिथे आम्ही 'व्यसन' हा शब्द वापरतो आणि बोर्डोच्या बाबतीत 'आस्वाद'. बाईंनी हे आम्हांला ऐकवून दाखविले, त्याही शब्दांत. आमच्याकडे उत्तर होते, की एक पेला आणि बूच. त्यांच्याकडे प्रत्युत्तर होते, की बूच लावणारा माणूस त्यांनी घरात कधी पाहिला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्याने वाद तिथेच थांबे. दारूबंदीने प्रश्न सुटला का, याविषयी आमच्यात आजही एकमत नाही. बंदीच्या वर्षांत चोरटी दारू गावात येत होती हे बाईही नाकारीत नाहीत, आणि त्या वर्षांत निदान पगाराच्या दिवशी काही घरांत पैसे पोहोचत होते, हे आम्हीही नाकारीत नाही.

उरलेल्यातले उरलेले, म्हणजे ज्यावर सफरचंद चढले आहे असे, आम्ही फेकीत नाही. चिनी मातीच्या एका बरणीत ते जमा होते, तोंडाला मलमलीचा फडका, जागा जिन्याखालच्या अंधारात. हवा आणि ऊब, जी वाइनला नको, ती इथे हवी. भद्रावतीत ती फुकट आहे. पृष्ठभागावर आधी पातळ साय धरते, मग वास बदलतो. उन्हाळ्यात पाच-सहा आठवडे पुरे होतात. पहिला शिरका झाला त्या दिवशी बाईंनी बरणीत डोकावून वास घेतला, रसायनवाल्यांना विचारले, "आता यात दारू किती?" ते म्हणाले, जवळजवळ नाहीच. त्यांनी कांद्याची कोशिंबीर पुढे ओढली आणि त्यावर दोन चमचे घातला.